कातडीचा छेद

मॅडम पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा मी कापसाच्या बोंडावर दव घालत होतो. कॉम्प्युटरवर. बियाण्याच्या एका कंपनीचं पोस्टर होतं, पेरणी महिन्यावर आली होती, आणि त्या दिवसांत बुलढाण्यातल्या फ्लेक्सवाल्याला घास गिळायलाही सवड नसते. बोंड मी एकच काढायचो. पांढरंशुभ्र, टचटचीत फुटलेलं, सशासारखं. मग त्याच्या नकला करून झाडभर लटकवायच्या, प्रत्येकावर दवाचा एक थेंब ठेवायचा, आणि खाली लालभडक अक्षरांत लिहायचं की या वाणाला बोंडअळी शिवणार नाही. हे मी अळीला विचारून लिहीत नव्हतो. मजकूर कंपनीकडून यायचा.

दारात सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. पांढरी सुती साडी, डोक्यावर उन्हाची टोपी, काखेत लाकडी पेटी.

"या ना, बसा," मी म्हणालो. "वाढदिवस का श्रद्धांजली?"

फ्लेक्सच्या दुकानात हा पहिला प्रश्न असतो. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. बाईंना वाटलं.

"दोन्हींना अवकाश आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला चित्र काढता येतं, की नुसतं छापता येतं?"

तिथून आमचं जे बिनसलं ते आजतागायत. ही हकीकत मी मोठ्या आनंदाने सांगतो, कारण इतकं चांगलं, टिकाऊ भांडण माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

बाई एका मोठ्या शहरातल्या वैद्यकीय कॉलेजात शरीररचना शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि थंड हवेसाठी बुलढाण्यात येऊन राहिल्या होत्या. नर्सिंगच्या मुलींसाठी त्यांना मराठीत चित्रांचं पुस्तक करायचं होतं. माणसाचं शरीर सूक्ष्मदर्शकाखाली कसं दिसतं त्याचं. पेटीत काचपट्ट्या होत्या, आणि प्रत्येकीवर माणसाच्या कुठल्या तरी भागाचा केसाहून पातळ काप. यकृताचा, मूत्रपिंडाचा, जिभेचा. फोटो काढला तर तो सपाट दिसतो आणि मुलींना काही उमगत नाही. म्हणून कॉम्प्युटरवर अशी चित्रं हवी होती की पेशी चहूबाजूंनी दिसावी, अर्धी कापून आत डोकावता यावं. पुण्यातल्या दोन कलाकारांशी त्यांचं भांडून झालं होतं. तिसरा मी.

दुकानातल्या बाकड्यावर माझे उस्ताद बसले होते. एके काळी गावातल्या प्रत्येक दुकानाचा बोर्ड त्यांच्या हातचा. अक्षर गिरवायला मी त्यांच्याकडेच शिकलो, आणि पुढे माझ्याच फ्लेक्सच्या मशीनने त्यांचं काम बंद पाडलं. तेव्हापासून ते रोज येऊन माझ्या बाकड्यावर बसायचे, माझा चहा प्यायचे आणि फ्लेक्सला शिव्या द्यायचे. त्यांचा एक नियम होता. बोर्ड पूर्ण झाला की खाली उजव्या कोपऱ्यात स्वतःचं नाव. "बोर्ड दुकानवाले का, कोना अपना," असं ते म्हणायचे. फ्लेक्स आला आणि तो कोपरा गेला. मी हजारो पोस्टरं केली असतील, एकावरही माझं नाव नव्हतं.

"काम करतो," मी मॅडमना म्हणालो, "पण पुस्तकात नाव पाहिजे. चित्रं कोणाची ते."

मॅडम हसल्या. "डीटीपीवाल्याचं नाव कुणी छापतं का कधी?"

"नाव नाई तं चित्र नाई."

"'तं' नाही, 'तर'," त्या म्हणाल्या.

"वाह!" उस्ताद बाकड्यावरून म्हणाले. ते कोणाला म्हणाले हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मॅडमनी पिशवीतून हिरव्या शाईचं पेन काढलं आणि माझ्याच बिलबुकाच्या पाठीमागे करार लिहिला. प्रत्येक चित्राचं शेवटचं प्रूफ त्या तपासून 'मंजूर' लिहिणार. पुस्तक छापायला जाईपर्यंत मंजूर चित्रांत एकही चूक निघाली नाही, तर माझं नाव पहिल्या पानावर. एक जरी निघाली, तरी नाही.

"आणि दिसेल तेच काढायचं," त्या उठताना म्हणाल्या. "मनाचं काही घालायचं नाही. ते दव वगैरे."

सूक्ष्मदर्शक त्यांनी दुकानातच ठेवला. त्याला वर कॅमेरा, कॅमेऱ्याची वायर माझ्या कॉम्प्युटरला. पहिल्या दिवशी स्क्रीनवर यकृत आलं आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. गुलाबी रानात जांभळे ठिपके, आणि मध्ये ओढ्यासारख्या पांढऱ्या वाटा. माझ्या आत असलं काही आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. चार दिवस खपून मी यकृताच्या पेशी काढल्या, गोल, भरलेल्या, आणि सवयीने प्रत्येकीवर थोडीशी चमक ठेवली.

मॅडमनी भिंगातून प्रूफ पाहिलं. "हे यकृत आहे की द्राक्षाचा घड?"

पुढच्या प्रुफात चमक काढली. त्यांनी पुन्हा भिंग लावलं आणि या वेळी ते एकेका पेशीवरून सरकवत नेलं. मग हिरव्या पेनाने एका पेशीच्या केंद्रकाभोवती गोल केला. शेजारच्या पेशीत गोल केला. तिच्या शेजारच्या पेशीत गोल केला.

"या प्रत्येकीच्या केंद्रकाला डाव्या बाजूला एक खाच आहे."

"असन."

"एकच पेशी काढलीत आणि शंभर वेळा चिकटवलीत! माणूस आहे हा. एका पेशीसारखी दुसरी नसते त्याच्यात."

मी बोंडांसारखंच केलं होतं, दुसरं काय. पुढच्या वेळी नकला फिरवून चिकटवल्या, काही लहान केल्या, काही ताणल्या. त्यांनी खाच पुन्हा पकडली. मी खाच बुजवली, तर त्यांनी एक ठिपका पकडला. शेवटी मी हात टेकले आणि प्रत्येक पेशी वेगळी काढायला लागलो. कसला माणूस आणि कसलं काय, मला त्यांना हरवायचं होतं.

मूत्रपिंडावरून तर महिनाभर जुंपली. काचपट्टीवर नुसती वर्तुळं दिसत होती, मी वर्तुळं काढली. त्यांनी चित्र माझ्यासमोर टेबलावर आपटलं.

"ह्या नळ्या आहेत!"

"तुमीच म्हणाल्या, दिसन ते काढा. मले गोलच दिसून राह्यले."

त्या तडक घरी गेल्या आणि परत आल्या ते शेवयांचं पुडकं घेऊन. ओल्या कपड्यात नरम केलेल्या शेवयांचा गुंता त्यांनी माझ्या कटरने आडवा कापला आणि कापलेली बाजू माझ्या तोंडासमोर धरली. नुसते ठिपके. काही गोल, काही लांबट, जिथे शेवई तिरपी कापली गेली तिथे. "आता या ठिपक्यांवरून शेवया उभ्या करा," त्या म्हणाल्या. बाकड्यावर उस्ताद पोट धरून हसत होते, आणि मला मात्र तेव्हा कापाच्या मागे काय असतं ते पहिल्यांदा दिसलं. हे मी मॅडमना सांगितलं नाही. शेवया तेवढ्या ठेवून घेतल्या.

पावसाळा असा भांडणात गेला. हिरवी शाई कमी होत गेली. दिवाळीपर्यंत बहुतेक चित्रांवर 'मंजूर' पडलं होतं आणि एकच मोठं चित्र राहिलं होतं, बोटाच्या टोकाच्या कातडीचा छेद. मॅडमचा त्या काचपट्टीवर फार जीव. त्यांच्या विद्यार्थिदशेतली होती ती. बोटाच्या कातडीत स्पर्श ओळखणारी एक लांबट गाठ असते आणि तिच्यात मज्जातंतू शिरतो. ती गाठ एवढी स्वच्छ दुसऱ्या कुठल्या काचेवर दिसत नाही म्हणे.

त्याच आठवड्यात जवळच्या धाड गावची मावशी आली.

म्हणजे तेव्हा ती माझी कोणी मावशी नव्हती. जीपमधून उतरून आलेली, नऊवारी खोचलेली, डोक्यावर गोणी असलेली एक अनोळखी बाई होती. ती दारातूनच ओरडली, "बोंडाचं चित्र काढनारा कोन व्हय इथी?"

मी 'हाव, मीच' म्हणायच्या आत तिने गोणी माझ्या टेबलावर उपडी केली. कीबोर्डवर, कागदांवर, चहाच्या कपात, सगळीकडे बोंडं. अर्धवट फुटलेली, काळवंडलेली, आत कापसाची पिवळट घट्ट गाठ. आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. वेचली तरी बोटं दुखतात आणि बाजारात कोणी हात लावत नाही. एका बोंडातून गुलाबी अळी निघाली आणि निवांतपणे माझ्या माउसवर चढली.

"हे काढ आता!" मावशी म्हणाली.

"मावशी, मी फक्त..."

"शिवनार नाई म्हने तो दुकानवाला! शिवली नाई ती, घर करून राह्यली. तुह्या चित्रात एकेक बोंड केवढालं! थेंब काय, चमक काय! तेच पाहून घेतलं म्या बियानं. आन चित्रावर नाव काऊन नाई टाकलं रे? तू सापडायले तीन चकरा पडल्या मले. हा म्हने त्याले इचार, तो म्हने याले इचार."

"मजकूर कंपनीचा असते, मावशी. चित्र फक्त माहं."

"मंग मजकूर म्या वाचला का? मले कोठी वाचता येते? म्या चित्रच पाह्यलं!"

उस्तादांनी आपला चहा तिच्याकडे सरकवला. तिने तो घेतला आणि पिता पिता मला आणखी थोडं बोलली. जाताना म्हणाली, पुढच्या बाजाराला पुन्हा येते, तोवर या सडक्या बोंडाचं एक मोठं पोस्टर करून ठेव. धाडच्या बाजारात जिथे माझं ते चकचकीत पोस्टर लावलं होतं, त्याच्याच शेजारी तिला ते लावायचं होतं.

बोंडं मी झाडून गोणीत भरली. पण ज्याने कापूस हाताळलाय त्याला माहीत आहे, कापूस झाडून जात नाही. तो उडतो, बसतो आणि पुन्हा उडतो.

दुसऱ्या दिवशी मॅडम कातडीची काचपट्टी घेऊन आल्या. काप झाकणारी वरची पातळ काच तडकली होती. त्यांनी माझ्या टेबलाचा कोपरा फडक्याने पुसला, तडकलेली काच औषधाने सोडवून काढली, कापावर डिंकासारख्या चिकट द्रावाचा थेंब ठेवला आणि नवी काच हळूच बसवली. श्वास रोखून. पंखासुद्धा बंद करायला लावला. त्यांचे हात त्या वयात जराही कापत नव्हते, हे मी शत्रू असूनही कबूल करतो.

स्क्रीनवर कातडी आली. वर थरांवर थर, खाली ती लांबट गाठ, आणि तिच्याकडे जाणारा एक तंतू. चपटा, काचेसारखा, मधूनच पीळ घेतलेला, एखादी फीत वाऱ्यावर सोडावी तसा. इतकं सुंदर काही मी या सगळ्या महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"हा मज्जातंतू का?" मी विचारलं.

मॅडमना स्क्रीनचा उजेड सोसायचा नाही. लांबूनच पाहून त्या म्हणाल्या, "गाठीत शिरतोय ना? मग तोच. नीट काढा."

नीट काढला. आयुष्यात कशावर घेतली नसेल इतकी मेहनत मी त्या एका तंतूवर घेतली. पीळ न् पीळ मोजून. चित्रात मज्जातंतू पिवळे रंगवायचे ही त्यांचीच पद्धत, तर पिवळा रंग दिला. मॅडमनी प्रूफ घरी नेलं, दोन दिवस ठेवलं आणि परत आणलं. हिरव्या शाईत खाली लिहिलं होतं, 'मंजूर'. आणि तंतूला बाण काढून, त्याच शाईत, 'मज्जातंतू'. शेजारी काही नाही. एकही गोल नाही.

"पहिल्या पानावर तुमचं नाव जुळवून घ्या," त्या म्हणाल्या. आवाज असा, की जणू दाढ काढून घेत होत्या. मी चौदा पॉइंटाच्या अक्षरांत जुळवलं. त्यांनी दहा करायला लावलं. मी बारावर अडून बसलो आणि बारा झालं. उस्तादांनी त्या दिवशी स्वतः होऊन चहा मागवला.

पुस्तक सोमवारी छापखान्यात जाणार होतं. मावशी शनिवारी आली.

मी पोस्टर केलं नव्हतं, विसरलो होतो. तसं सांगितलं असतं तर माझी धडगत नव्हती. म्हणून मी मोठ्या थाटात म्हणालो, "मावशी, तुह्यासाठीच थांबलो होतो. आता तुले तुही कवडी आतून दाखवतो." गोणीतल्या बोंडाचे दोन धागे काढून काचपट्टीवर ठेवले, काच टाकली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

स्क्रीनवर एक फीत आली. चपटी, काचेसारखी, मधूनच पीळ घेतलेली.

मी काही बोलायच्या आत मावशी स्क्रीनजवळ गेली. मग वळली आणि भिंतीवर चिकटवलेल्या कातडीच्या प्रुफाकडे बोट केलं.

"हे आन ते येकच तं व्हय. हे पिवळं रंगवलं, येवढंच."

"नाई मावशी, ते माणसाचं चमडं हाये. तो मज्जातंतू हाये."

"असन बापा. पन चमड्यात कापूस हाये तुह्या."

उस्ताद चष्मा पुसत उठले, स्क्रीन पाहिली, भिंत पाहिली आणि पुन्हा बसले. "मियाँ," ते म्हणाले, "नाम तो गया."

मावशीचं पोस्टर मी त्या दिवशी तिच्यासमोरच केलं. एकच बोंड, माणसाएवढं, सडकं, आत अळी. नक्कल नाही, दव नाही. ती म्हणाली, "कोपऱ्यात नाव टाक." मी घुटमळलो. बियाणं विकणारे कृषी केंद्रवाले पाहतील, पुढच्या पेरणीचं काम जाईल, असं काहीतरी पुटपुटलो.

"काऊन बे?" मावशीने विचारलं. "चमड्याच्या चित्रावर नाव पाहिजे, माह्या बोंडावर नाई?"

मी नाव टाकलं. उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढं. उस्तादांनी ते वाचण्यासाठी मुद्दाम मॅडमचं भिंग मागितलं. (कृषी केंद्रवाल्यांना मात्र भिंग लागलं नाही. पुढच्या हंगामात माझ्या दुकानात एकही बोंड आलं नाही.)

आता मी रविवारी सकाळी मॅडमकडे का गेलो, ते खरं सांगतो. गप्प बसलो असतो तर नाव छापलं जाणार होतं. बारा पॉइंटात. माणसाच्या कातडीत कापूस आहे हे आमच्या तिघांशिवाय कोणाला कळलं असतं? तुम्हाला वाटेल, नर्सिंगच्या मुली चुकीचं शिकतील म्हणून माझं मन खात होतं. खात होतं, थोडं. पण रात्रीची झोप उडाली ती वेगळ्याच आनंदाने. चूक मॅडमची होती! काच त्यांनी बसवली, मज्जातंतू त्यांनी म्हटलं, बाण त्यांनी काढला, मंजूर त्यांनी लिहिलं. मला ते त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. चूक त्यांची म्हणजे माझं नावही शाबूत, असा माझा हिशेब.

सूक्ष्मदर्शक चादरीत गुंडाळून ऑटोत मांडीवर घेऊन गेलो. मॅडम अंगणात पेपर वाचत होत्या.

"दोन मज्जातंतू आणलेत," मी म्हणालो. नाटकात प्रवेश करतो तसा. "एक तुमचा, एक धाडचा. वळखा बरं."

त्यांनी आधी धाडची काचपट्टी पाहिली. फार तर चार सेकंद. मग कातडीची लावली आणि फोकसची बारीक फिरकी अगदी हळू फिरवली. विद्यार्थ्यांसाठी बाजूला दुसरी नळी होती, तिला डोळा लावून मीही पाहत होतो. कातडी धूसर झाली आणि तंतू स्वच्छ झाला. उलट फिरवलं, तंतू धूसर, कातडी स्वच्छ. म्हणजे दोन्ही एका पातळीवर नव्हतेच. तंतू कातडीत नव्हता, तिच्यावर आडवा पडला होता, नव्या काचेखाली.

त्यांचा हात फिरकीवर तसाच राहिला. त्या एवढ्या म्हाताऱ्या आहेत हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. मी जिंकलो होतो, आणि मला उगाच वाटलं की यावं निघून.

मग त्यांनी मान वर केली.

"टेबल कुणाचं होतं?"

"काय?"

"कापूस कुणाच्या टेबलावर होता? माझ्या घरी कापूस नाही."

"काच तुमी बसवली! मज्जातंतू तुमी म्हणाल्या!"

"काढला कुणी?"

"तुमीच म्हणाल्या ना, दिसन ते काढा! मनाचं घालू नका!"

"पिवळा दिसत होता का तो? काचेसारखा दिसत होता. काप रंगात बुडवलेला असतो, मज्जातंतू असता तर बाकीच्यासारखा रंग घेतला असता त्याने. जे दिसत होतं ते काढलं असतंत, तर प्रुफावर मला दिसलं असतं. तुम्ही रंगवलात."

"रंग द्यायची पद्धत तुमची!"

"मी मज्जातंतू पिवळे करायला सांगितले होते. कापूस नाही."

यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याही बोलल्या, शुद्ध मराठीत, आणि शुद्ध मराठीत ते जास्त लागतं. शेजारच्या गच्चीवर माणसं जमली. शेवटी त्यांनी बिलबुकाचा तो कागद आणला. तो त्यांच्याकडे इतके महिने जपून ठेवलेला होता. त्यावरचं एक वाक्य त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. मंजूर चित्रांत एक जरी चूक निघाली, तरी नाही.

"चूक कुणाची, ते लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "निघाली, एवढंच आहे."

"निघाली नाई. म्या काढून आणून देली!"

"तेच म्हणतेय मी."

मी त्याच दिवशी तंतू पुसून नवं चित्र केलं, पहिल्या पानावरची ओळ काढली, आणि सगळं त्यांच्या अंगणात ठेवून आलो. दार वाजवलं नाही.

पुस्तक उन्हाळ्यात आलं. मॅडमकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी एक प्रत दुकानात आणून टाकली. आत चिठ्ठी नाही, काही नाही. उस्तादांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यापासून शोधायला सुरुवात केली. पान न् पान पाहिलं. नाव कुठेच नव्हतं. मग ते एका पानावर थांबले आणि त्यांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं.

कातडीचा छेद. पण माझं नवं चित्र नाही, जुनंच. तंतू होता तिथेच होता, पिवळा, पीळ न् पीळ. त्याला बाण होता आणि बाणाशी लिहिलं होतं: 'कापसाचा धागा. काचपट्टी तयार करताना चित्रकाराच्या टेबलावरून आत आला. असे बाहेरचे धागे मज्जातंतू समजू नयेत.'

"ये नाम नहीं है," उस्ताद म्हणाले. "ये तो इल्जाम है."

मी पुस्तक घेऊन चालतच गेलो, भर उन्हात. जाळीच्या दाराआड मॅडम उभ्या होत्या. जणू वाटच पाहत होत्या.

"काच कोणी बसवली ते काऊन नाई लिहिलं?" मी ओरडलो.

"जागा नव्हती."

"अर्धं पान कोरं हाये!"

"ते समासासाठी आहे." मग त्या जाळीजवळ आल्या. "आणि नीट वाचा. 'चित्रकार' लिहिलंय. सबंध पुस्तकात तो शब्द एकदाच आलाय. डीटीपीवाला नाही लिहिलेलं. आता मी दार लावते, धूळ येतेय."

दार लागलं. मी तिथेच उन्हात उभं राहून ते पान पुन्हा वाचलं, आणि माझा राग जराही कमी झाला नाही.

मागे हाताला पत्रा लागला म्हणून सरकारी दवाखान्यात गेलो होतो. सुई भरता भरता नर्सबाई दुसरीला सांगत होत्या की काचपट्टी पाहताना पुस्तकातला तो कापूसवाला आठव, नाहीतर फसशील. मी गप्प राहिलो. सुई त्यांच्या हातात होती.

मॅडमशी मी बोलत नाही. संध्याकाळी त्या फिरायला निघतात त्याच वेळी मी दुकान बंद करतो. त्या समोरून दिसल्या की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला जातो. त्याही मला पाहून रस्ता ओलांडतात. त्यामुळे बहुतेक वेळा आम्ही रस्त्याच्या मधोमध एकमेकांसमोर येतो, मागून एसटीवाला हॉर्न वाजवतो, आणि दोघांपैकी कोणीच आधी बाजूला होत नाही.